टँकरला दुवा कशाला?

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात गोवंडीतल्या आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर आला. त्यावर हात जोडलेल्या नेत्याचा भलामोठा फोटो. इफ्तारला तासभर उरला होता. रोजा धरलेल्या बायका हंडे, कॅन घेऊन धावल्या आणि ढकलाढकलीत एकीचा पाय मुरगळला. रात्री शेजारच्या खालांनी त्या नेत्यासाठी दुवा मागितली. मी म्हणालो, "खाला, दुवा कशाची? पाणी त्याच्या घरचं नाही." खाला आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

तरी बोलतो. तहानलेल्याला पाणी पाजणं आपल्याकडे मोठ्या सवाबाचं काम आहे. सबिली लावाव्यात, जरूर लावाव्यात. पण सबील वाटसरूसाठी असते. तीस वर्षं एकाच खोलीत राहणारा माणूस वाटसरू कसा?

हिशेब करा. आमच्या गल्लीत चाळीस लिटरचा कॅन वीस रुपयांना मिळतो, म्हणजे हजार लिटरला पाचशे रुपये. झोपडपट्टीतल्या अधिकृत नळाला महापालिका तेवढ्याच पाण्याचे पाच-सहा रुपये घेते. म्हणजे आम्ही शंभरपट मोजतो, आणि वर फुकटे म्हणवून घेतो!

पाणी घाण का येतं? धरणाला दोष देऊ नका. भातसा, वैतरणेचं पाणी पांजरापूर आणि भांडुपला शुद्ध होऊनच शहरात येतं. ते बिघडतं शेवटच्या शंभर पावलांत. अधिकृत जोडणी मिळत नाही म्हणून बारीक पाइप गटारातून ओढलेले असतात, त्यांचे सांधे गळके. पाणी येतं काही तासच. बाकी वेळ पाइप रिकामा, आणि त्याला मोटार लावली की गटारच आत खेचलं जातं. पहिली दहा मिनिटं येणाऱ्या पाण्याचा वास ज्याला ठाऊक आहे, त्याला मुलांचे जुलाब आणि कावीळ कुठून येतात हे समजावून सांगावं लागत नाही.

देवनारला कचरा टाकायला 1927 मध्ये सुरुवात झाली. त्याच वर्षी 20 मार्चला डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. डिसेंबरच्या परिषदेला तिथे जागा मिळेना, तेव्हा ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमानाने. हे नाव आपण किती तकरीरींत ऐकलं?

कायदाही आपल्या बाजूने आहे. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2014 रोजी सांगितलं, की घर अनधिकृत असलं तरी पाणी नाकारता येत नाही. संविधानाच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कातच ते येतं. महापालिकेने 2022 मध्ये 'सर्वांसाठी पाणी' धोरणही आणलं. पण वर्षानुवर्षं पाण्याचं मापच असं, की इमारतीतल्या माणसाला 135 लिटर आणि झोपडीतल्याला 45. झोपडीतला माणूस कमी घामेजतो की काय!

आता कडू बोलतो. भोंग्याचा वाद निघाला की आमच्या नाक्यावर दोनशे तरुण जमतात. पाण्याच्या बैठकीला अकरा जण आले, त्यांत आठ बायका. चोरट्या पाइपांवर आणि कॅनवर कमावणाराही कुणी परका नाही, जुम्याला तो माझ्याच सफेत उभा असतो. सलाम करतो, मीही करतो, आणि दोघेही त्या विषयावर गप्प बसतो. माझं हे गप्प बसणंही त्याच्या धंद्याचं भांडवल आहे. आणि गल्लोगल्ली नळ आला तर टँकर कुणाच्या नावाने फिरेल, म्हणून नेतेही गप्प.

येत्या रविवारी जोहरच्या नमाजनंतर आम्ही जोडणीचे अर्ज भरणार आहोत. रेशनकार्ड आणि आधारची झेरॉक्स आणा. सोबत पहिल्या दहा मिनिटांच्या पाण्याची एक बाटली आणा, वर गल्ली आणि तारीख लिहून. तरुणांनी मोटारसायकली बाजूला ठेवून यावं. खालांचा अर्ज मी लिहून ठेवलाय, अंगठा तेवढा बाकी आहे.