काचेतल्या कासवाचे बाळसे

परवा पनवेलमध्ये एका स्नेह्यांकडे काचेच्या टाकीत कानाजवळ लाल पट्टा असलेले अमेरिकी कासव पाहिले. ‘छान बाळसे धरलेय!’ ते कौतुकाने म्हणाले. पाहतो तो चरबीमुळे त्याचे पाय कवचात पुरते जात नव्हते. हे बाळसे नव्हे, लठ्ठपणा होय. वाढ झालेल्या कासवाला दिवसाआड खाणे पुरते. त्यात पालेभाजी जास्त, गोळ्या कमी हव्यात. पोहायला ऐसपैस पाणी, अंग शेकायला उन्हातला दगड हवा. रुपयाएवढे आणलेले हे पिल्लू पुढे फूटभर होऊ शकते. एवढे जमणार नसेल तर ते आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र कंटाळून वडाळे तलावात सोडू नका. तेथे ते आपल्या कासवांचे अन्न बळकावील. त्यापेक्षा पशुवैद्यकांचा सल्ला घ्या.