सोन्याचे अंडे

सोन्याचे अंडे देणारी कोंबडी गोष्टीतच भेटते. पण अंड्यावर सोने चढविण्याची हौस मात्र खरी आहे आणि पुष्कळ जुनीही. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या हिशेबात ४५० अंड्यांपोटी १८ पेन्स खर्ची पडल्याची नोंद आहे. काही रंगवून, काही सोन्याच्या वर्खाने मढवून ती ईस्टरला राजाच्या परिवारात वाटावयाची होती. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात त्या काळी अंडी वर्ज्य असत. पण कोंबड्यांना उपवास कुठला! साठलेल्या अंड्यांना मग सणाचा मान मिळाला.

हा थाट परवडतो, कारण वर्खात सोने नावालाच असते. ठोकून ठोकून तो मिलीमीटरच्या सुमारे दहाहजाराव्या हिश्श्याइतका पातळ करतात. मिठाईवरचा चांदीचा वर्ख बोटाला कसा बिलगतो, हे वाचकभगिनींना ठाऊकच आहे!

गंमत अशी, की याची खळही अंड्यातच असते. मध्ययुगीन पोथ्यांवर सोने चढविणारे कारागीर अंड्याचा पांढरा भागच वापरीत. अंडे व्हिनेगरने पुसून तेलकटपणा घालवावा. पांढरा भाग फेटून, निवळ झाल्यावर त्याचा पातळ हात द्यावा. बोटाला किंचित चिकट लागला, की पंखा बंद करून वर्ख ठेवावा, मऊ कुंचल्याने दाबावा आणि वाळल्यावर सुटे कण झटकावेत.

मात्र आरंभीच एक गोष्ट ठरवावी: अंडे खावयाचे की ठेवावयाचे? सोनेरी म्हणून मिळणारा स्वस्त वर्ख पुष्कळदा पितळेचा, म्हणजे तांबे आणि जस्त यांचा असतो. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. तेव्हा खावयाच्या अंड्याला खाण्याजोगा शुद्ध वर्खच लावावा आणि उकडलेले अंडे दोन तासांहून अधिक उघड्यावर ठेवू नये. पितळी वर्ख शोभेच्या अंड्यालाच बरा. त्यासाठी दाभणाने दोन्ही टोकांना भोके पाडून आतला ऐवज फुंकून काढावा, कवच धुऊन वाळवावे आणि शेवटी व्हार्निशचा हात द्यावा. नाहीतर पितळ काळवंडते. चांदीचीही तीच गत. अंड्यातल्या गंधकाने चांदीचा चमचासुद्धा काळा पडतो!

सोने तेवढे आपला रंग सोडत नाही. म्हणून ताटात जाणाऱ्या अंड्यावर वर्ख कमी लागला तरी चालेल, पण तो अस्सल असावा.