विश्लेषण : गेमचा शेवट गोड हवा की हुरहूर लावणारा? दोन्ही दिले तर?

ऑगस्ट २०२५ मध्ये ‘रांझणा’ या २०१३ च्या चित्रपटाची तमीळ आवृत्ती ‘अंबिकापती’ पुन्हा प्रदर्शित झाली. मूळ कथेत नायक मरतो. नव्या आवृत्तीत एआयच्या मदतीने त्याला जिवंत ठेवलं गेलं. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि अभिनेता धनुष यांनी जाहीर आक्षेप घेतला. व्हिडिओ गेममध्ये मात्र एकाच कथेला अनेक शेवट असणं नवीन नाही. मग तिथे गोड आणि हुरहूर लावणारा, असे दोन्ही शेवट द्यायला हरकत काय?

गेममध्ये वेगळं काय?

चित्रपट आपण बघतो, गेममध्ये निर्णय आपण घेतो. त्या निर्णयांना किंमत नसेल तर खेळाडू चिडतात. २०१२ मध्ये ‘मास इफेक्ट ३’वर टीका झाली ती मुख्यतः यासाठीच. तीन भागांतल्या निर्णयांनी शेवटी फारसा फरक पडला नाही, अशी तक्रार होती. बायोवेअर कंपनीने त्याच वर्षी जूनमध्ये विस्तारित शेवट मोफत दिला. त्यात खुलासे वाढले, पण सगळं गोड झालं नाही.

दोन्ही शेवट कुठे जमले?

२०१५ च्या ‘द विचर ३’मध्ये. नायक गेराल्ट आपल्या मानसकन्येशी, सिरीशी कसा वागतो, यावर तिचं भवितव्य ठरतं. एका शेवटात ती त्याच्याच वाटेने जाते. दुसऱ्यात ती सम्राज्ञी व्हायला निघते, पण दोघांची ताटातूट होते. तिसऱ्यात ती परतच येत नाही. यातला कुठलाही शेवट आयत्या वेळी बटण दाबून मिळत नाही.

अडचण कुठे येते?

‘चांगला शेवट कसा मिळवायचा’ हे यूट्यूबवर बघून अनेक जण जुना सेव्ह पुन्हा उघडतात. अशा वेळी दुःखी शेवट म्हणजे नापासाचा शेरा ठरतो. गोड शेवट फुकट मिळू लागला, की त्यागाला अर्थ उरत नाही.

एकच शेवट का पुरतो?

१९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याला गेलेल्या ‘प्रभात’चा ‘माणूस’ (१९३९) आठवा. व्ही. शांताराम यांनी पोलीस शिपाई गणपत आणि मैनाचं लग्न लावून दिलं नाही. मैना तुरुंगात जाते, खचलेला गणपत पुन्हा कामाला लागतो. प्रेम हरलं तरी जगणं थांबत नाही, हेच त्या चित्रपटाचं म्हणणं. सोबत लग्नाचा पर्याय दिला असता, तर ते म्हणणंच पुसलं गेलं असतं.

मग उत्तर काय?

कथा खेळाडूच्या निवडीची असेल तर दोन्ही शेवट जरूर असावेत, पण गोड शेवटासाठीही काहीतरी गमवावं लागावं. आणि कथेचं म्हणणंच विरहात असेल, तर एकाच शेवटावर ठाम राहण्याचा हक्क निर्मात्याला हवा.