कोशिंबीर मुरवू नका

सिंगल माल्टची बाटली टेबलावर आली की माझ्या पिढीचा पहिला प्रश्न ठरलेला: किती वर्षांची आहे? चव कशी आहे, हे बरेचदा विचारलंच जात नाही. १२ पेक्षा १८ भारी, १८ पेक्षा २१ भारी आणि तिशी पार केलेली असेल तर फोटो काढल्याशिवाय बूच उघडायचं नाही. माझं म्हणणं सरळ आहे: हा आकडा चवीचा नाही. आणि स्कॉटलंडच्या लोलँड भागातल्या माल्टच्या बाबतीत तर तो चक्क दिशाभूल करू शकतो.

आकडा सांगतो काय? स्कॉचला कायद्याने किमान ३ वर्षं ओकच्या पिंपात राहावं लागतं. लेबलवरचं वय हे बाटलीतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं. पिंप किती वेळा वापरलेलं, आधी त्यात बर्बन होती की शेरी, यातलं काहीच त्या आकड्यात नाही. व्हर्जन नंबर मोठा म्हणून सॉफ्टवेअर चांगलं, असं कुणी म्हटलं तर आम्ही इंजिनिअर त्याला हसतो. बारमध्ये मात्र तेच करतो.

लोलँड म्हणजे ग्लासगो, एडिनबरा आणि त्याखालचा दक्षिण स्कॉटलंड. आयला बेटावरच्या व्हिस्कीसारखा पीटचा धूर इथे सहसा नसतो. ग्लासगोजवळच्या ऑकेनटॉशनमध्ये तर दारू दोनदा नाही, तीनदा डिस्टिल करतात. जड, तेलकट घटक मागे राहतात आणि हाती येतं ते हलकं, लिंबाच्या सालीच्या वासाचं काहीतरी. इतकी नाजूक गोष्ट पंचवीस वर्षं लाकडात ठेवली की शेवटी बोलतं कोण? लाकूड.

लोणचं मुरतं, कारण त्यात मुरायचा दम असतो. कोशिंबीर मुरवली तर तिला फक्त पाणी सुटतं.

ऑकेनटॉशनची १२ आणि २१ वर्षांची मी शेजारीशेजारी ठेवून चाखली आहे. २१ मध्ये संत्र्याची साल, जुन्या सागवानी कपाटाचा वास, शेवटी जिभेवर सुपारीसारखा तुरटपणा. छान आहे, प्रश्नच नाही. पण लोलँडची ओळख मला १२ मध्ये लगेच सापडली: भाजलेला बदाम, लिंबू, हलकी गोडी. २१ मध्ये ती शोधावी लागली.

मग जास्त पैसे कशाचे? स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के दारू उडून जाते. ३० वर्षांचा हिशोब मांडा: जवळजवळ ४५ टक्के गायब. आपण किंमत मोजतो ती या उडालेल्या दारूची, गोदामातल्या जागेची आणि दुर्मिळतेची. लिनलिथगोची सेंट मॅग्डलीन १९८३ मध्ये बंद पडली, आता तिच्या इमारतीत लोक राहतात. फॉलकर्कची रोझबँक १९९३ मध्ये थांबली आणि तीस वर्षांनी पुन्हा सुरू झाली. अशा ठिकाणच्या जुन्या बाटल्या लिलावात फिरतात, कपाटात उभ्या राहतात. इतिहास म्हणून जरूर घ्या. पण त्याला चव म्हणू नका.

कुणी म्हणेल, काही जुन्या लोलँड तर अप्रतिम असतात. असतात ना! अनेकदा वापरून थकलेलं पिंप असेल तर लाकूड दमाने घेतं. पण मग श्रेय पिंप निवडणाऱ्याचं, कॅलेंडरचं नाही.

या आकड्याच्या वेडाचा फटका आपल्यालाही बसतो. बंगळुरू किंवा गोव्याच्या उष्णतेत दारू कितीतरी वेगाने उडते आणि लाकडाचा रंगही लवकर घेते. इथे २१ वर्षं वाट पाहिली तर पिंपात उरेल काय? बंगळुरूच्या अमृतने २००४ साली आपली सिंगल माल्ट बाजारात आणली ती थेट ग्लासगोत, लोलँडच्या दारात, लेबलवर वय न लिहिता. तिथल्या लोकांनी ती पिऊन पाहिली. आपल्याकडे मात्र अजूनही अशी बाटली दिसली की आकडा शोधला जातो, आणि तो नसला की नाक मुरडलं जातं.

पुढच्या वेळी लेबलवर रुमाल टाका आणि दोन घोट घ्या. आवडलेली व्हिस्की १० वर्षांची निघाली तर तसं मोठ्याने सांगा. जीभ आपली आहे, तिला दुसऱ्याच्या कॅलेंडरची परवानगी लागत नाही.