श्रमदानाची आगगाडी

वेल्समध्ये लेकीकडे गेले होते. समुद्राकाठी तंबूत मुक्काम होता. एक दिवस नातवंडांना घेऊन तालिलिनच्या वाफेच्या छोट्या गाडीत बसले. डोंगरातला सव्वासात मैलांचा मार्ग, पाटीचा दगड वाहायला घातलेला. १९४६ साली खाण बंद पडली, १९५० साली मालक वारले. मोडीत निघायची ती गाडी १९५१ पासून हौशी मंडळींनी श्रमदानाने चालवली. अशी ही जगातली पहिलीच! तिकीट तपासणारे निवृत्त मास्तर बिनपगारी, कोळशाने तोंड काळं झालेला पोरगाही बिनपगारी.

परतताना आपल्या गावचा गाळाने भरलेला तलाव आठवला. सरकारची वाट पाहण्यात बारा वर्षं गेली. मंडळी, येत्या चैत्रात घमेली-फावडी घेऊन आपणच उतरायचं का?