परवाना आधी, किंमत मागाहून

ज्याच्या वडिलांशी माझा जुना घरोबा आहे, असा एक तरुण अभियंता गेल्या पंधरवड्यात सकाळीच माझ्याकडे आला. पायथन ही संगणकभाषा मराठीतून शिकविणारा ग्रंथ त्याने नोकरी सांभाळून दोन वर्षांत सिद्ध केला होता, त्याची तीनशे पानांची चळत (तिला हस्तलिखित म्हणण्याची माझी खोड अजून जात नाही) माझ्यापुढे ठेवून त्याने "काका, प्रकाशक गाठू की स्वतःच छापू, आणि किंमत काय ठेवू?" असे दोन प्रश्न एका दमात विचारले. परवाना कोणता देणार, असे मी उलट विचारले, तेव्हा तो जरा गोंधळला. "परवाना कसला? सर्व हक्क स्वाधीन, असंच छापतात ना सगळे?" या सदरात आजवर मी कागदाच्या भावापासून मुद्रितशोधनाच्या दरापर्यंत पुष्कळ रडगाणी गाइली आहेत, परंतु ज्या ओळीवर ग्रंथाचे पुढील आयुष्य अवलंबून असते ती ओळ आमचे लेखक अगदी शेवटच्या दिवशी, मुखपृष्ठाचा रंग ठरवून झाल्यावर, हाताशी असलेल्या दुसऱ्या कोणत्या तरी पुस्तकावरून उतरवून घेतात, याविषयी लिहावयाचे राहूनच गेले होते.

कादंबरी आणि प्रोग्रामिंगचा ग्रंथ ही दोन्ही एकाच कायद्याच्या छत्राखाली नांदत असली, तरी त्यांच्या आयुर्मर्यादा अगदी भिन्न आहेत. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यान्वये लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर 60 वर्षे त्याचे स्वामित्व टिकते; म्हणजे आमच्या अभियंत्याचे हक्क त्याच्या नातवंडांपर्यंत सुखेनैव पोहोचतील, पण ग्रंथातील उदाहरणे तितके दिवस चालतील काय? पायथनची तिसरी आवृत्ती डिसेंबर 2008 मध्ये निघाली, आणि पडद्यावर मजकूर उमटविणारी 'प्रिंट' ही जी अगदी पहिल्या धड्यातली आज्ञा, तिलाच कंस अनिवार्य झाले. 1 जानेवारी 2020 पासून दुसरी आवृत्ती रीतसर निवृत्त झाली, आणि तिच्या आधारे लिहिलेल्या पुस्तकांचा तो पहिला धडा नव्या आवृत्तीत जसाच्या तसा उतरविणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदरी चुकीचा संदेश तेवढा पडू लागला. अशा ग्रंथाला चोरापेक्षा वार्धक्याचे भय अधिक, आणि हक्क राखताना लेखक बंदोबस्त करतो तो मात्र केवळ चोराचा.

हे मला उमगले ते ॲलन डाउनी या अमेरिकन प्राध्यापकांच्या पुस्तकाच्या इतिहासावरून. 1999 च्या जानेवारीत, जावा शिकविण्याचा वर्ग सुरू व्हावयास दोन आठवडे उरले असता, बाजारातील जाडजूड क्रमिक पुस्तकांना विटून या गृहस्थांनी स्वतःच एक आटोपशीर पुस्तक लिहावयास घेतले, आणि रोज एक प्रकरण या हिशेबाने तेरा दिवसांत ते पुरेही केले. त्यांनी ते नुसते फुकट वाटले असते तर त्यात फारसे नवल नव्हते. परंतु कोणीही त्याच्या प्रती काढाव्या, त्यात फेरफार करावा आणि फेरफार केलेली प्रत पुन्हा इतरांस द्यावी, अशी मोकळीक देणारा ग्नू प्रकल्पाचा मुक्त दस्तऐवज परवाना त्यांनी त्याला जोडला. व्हर्जिनियातील जेफ एल्कनर नावाच्या एका शाळामास्तरांनी ते पुस्तक आपल्या वर्गासाठी घेतले; पण त्यांना शिकवावयाची होती पायथन, आणि परवानगीसाठी कोणाच्या दारी खेटे घालण्याचे कारणच नसल्यामुळे त्यांनी पुस्तकातली जावा काढून तिच्या जागी पायथन बसविली आणि ती प्रत मूळ लेखकाकडे पाठवून दिली. डाउनी पायथन शिकले ते या प्रतीवरून, म्हणजे आपल्याच पुस्तकावरून! 2001 साली ग्रीन टी प्रेस या नावाने त्यांनी ती आवृत्ती स्वतः प्रसिद्ध केली, आणि 2009 मध्ये तिचे पुढचे रूप केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने छापले. लेखकाला जी भाषा येत नव्हती त्या भाषेत त्याचा ग्रंथ वयात आला, हा योग सर्व हक्क स्वाधीन ठेवणाऱ्याच्या कुंडलीत संभवत नाही.

दुसरे उदाहरण इतके सुखाचे नाही. मार्क पिल्ग्रिम यांचे 'डाइव्ह इन्टू पायथन' हे पुस्तक एप्रेस या प्रकाशनसंस्थेने 2004 साली छापले, तेही याच मुक्त परवान्याखाली. आणि ऑक्टोबर 2011 मध्ये या लेखकाने महाजालावरचा आपला सारा संसार एकाएकी आवरला, त्यात या पुस्तकाचे तिथले घरही गेले. वाचकांनी जवळच्या प्रती काढून ते पुन्हा उभे केले, आणि तसे करण्यात कोणाच्या हक्काला बाध आला नाही, कारण एकदा दिलेली सनद परत घेता येत नाही. लेखकाने ही गोष्ट दोनदा वाचावी. आपल्या पश्चात ग्रंथ जगेल हे आश्वासन आणि आपल्याला पश्चात्ताप झाला तरी तो थांबविता येणार नाही ही ताकीद, ही दोन्ही एकाच कलमात लिहिलेली असतात.

आमच्या महसुली भाषेत सांगावयाचे तर हक्कांचे हस्तांतर म्हणजे खरेदीखत आणि परवाना म्हणजे वहिवाटीचा कौल. पहिल्यात जमीनच जाते, दुसऱ्यात सातबारा आपल्या नावे राहून दुसऱ्याला नांगर धरण्याची मुभा मिळते. मी स्वतः तरुणपणी एका लहानशा पुस्तिकेचे खरेदीखत एकरकमी मोबदल्यावर करून बसलो. आवृत्ती संपली, प्रकाशकाने दुसरी काढली नाही, मला काढू दिली नाही, आणि करारनामा दप्तरातून काढून पाहतो तो मुदतीच्या रकान्यात 'कायम' हा एकच शब्द, माझ्याच अक्षरात. तो रकाना कोरा ठेवला असता तरी मी वाचलो असतो, कारण कायद्याच्या 19 व्या कलमाप्रमाणे करारात मुदत न लिहिल्यास ती पाच वर्षे आणि प्रदेश न लिहिल्यास तो भारतापुरता धरला जातो. इतकेच नव्हे तर घेणाऱ्याने हक्कांचा वर्षभरात वापरच केला नाही, तर करारात उलट काही नसल्यास ते हस्तांतर आपोआप संपुष्टात येते. प्रकाशकाकडे जाण्यास माझी हरकत नाही. जाताना हे कलम खिशात असावे, एवढेच.

स्वतः छापणाऱ्यापुढे आज मुख्यतः क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने असतात; 2002 च्या डिसेंबरात ते प्रथम निघाले, आणि श्रेय द्यावे, फेरफार केल्यास तो त्याच अटीवर वाटावा, व्यापार करू नये, फेरफारच करू नये, अशा चार अटींच्या निरनिराळ्या जुळण्यांनी ते बनलेले आहेत. माझ्या तरुण मित्राचा ओढा साहजिकच व्यापारास मनाई करणाऱ्या अटीकडे होता. पण बार्शीतला एखादा क्लासचालक विद्यार्थ्यांकडून फी घेतो आणि याच पुस्तकाच्या झेरॉक्स प्रती खर्चापुरते पैसे घेऊन देतो, त्याला व्यापारी म्हणावयाचे की मास्तर? ज्याला अडवावयाचे तो बडा व्यापारी पदरी वकील बाळगून असतो. ज्याला अडविण्याचा हेतूच नव्हता तो मास्तर मात्र ती अट वाचून बिचकतो. शिवाय यात एक आडवाटेची खोच आहे. ही अट खुद्द ग्रंथकर्त्यावर बंधनकारक नसते, तो स्वतः खुशाल विकू शकतो; पण चार वाचकांनी याच अटीवर लिहून पाठविलेल्या दुरुस्त्या त्याने ग्रंथात घेतल्या की त्या दुरुस्त्यांचे मालक ते वाचक, आणि त्यांच्या लेखी संमतीवाचून पुढली आवृत्ती विकण्याची चोरी त्याच्यावरच येते.

फेरफारास मनाई करणाऱ्या अटीची परंपरा आपल्याकडे थोर आहे. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी तीत आपली ओवी मिसळू नये असे बजावून ठेवले. ज्या ग्रंथाचा शब्द हाच त्याचा प्राण, तिथे ते योग्यच होय. पायथनच्या पुस्तकाला मात्र पाठभेदांवाचून तरणोपाय नाही. रॉबर्ट नायस्ट्रॉम यांनी 2021 मध्ये स्वतः छापलेल्या 'क्राफ्टिंग इंटरप्रिटर्स' या सुंदर ग्रंथाचे गद्य याच कडक अटीखाली आहे, तरी तो महाजालावर संपूर्ण फुकट वाचावयास मिळतो, हे उदाहरण माझ्या मित्राने मजपुढे मोठ्या विजयाने टाकले. पण नायस्ट्रॉम जी भाषा रचावयास शिकवितात ती लॉक्स ही त्यांनी स्वतःच निर्माण केलेली आहे. तिची नवी आवृत्ती काढून ग्रंथ शिळा करण्याचा अधिकार त्यांच्याखेरीज कोणाला नाही, म्हणून त्यांना ही चैन परवडते. त्यांनीही कोड मात्र निराळ्या, एमआयटी परवान्याखाली मोकळा सोडला आहे, आणि हे अनुकरणीय आहे; कारण क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्थाच आपले परवाने सॉफ्टवेअरला लावू नका असे सांगते, आणि पुस्तकातल्या चार ओळी आपल्या कामात घेणाऱ्या वाचकाला वकिलाचा सल्ला घ्यावा लागू नये.

"मग हक्क सोडूनच देऊ का सगळे?" त्याने शेवटी त्राग्याने विचारले. गांधीजींनी 1910 साली 'हिंद स्वराज्या'चे इंग्रजी रूप फिनिक्सच्या छापखान्यातून काढले तेव्हा कोणतेही हक्क राखलेले नाहीत असे त्यावर स्पष्ट छापले होते. त्यांनाही पुढे 1940 मध्ये आपल्या लेखनाचे हक्क नवजीवन संस्थेच्या स्वाधीन करावेसे वाटले. त्याने घाई करू नये, असे मी सुचविले.

राहिले किरकोळ. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. 1954 च्या कायद्यान्वये एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि तशाच प्रती मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह आणखी तीन ठिकाणी पाठवाव्या लागतात. किमतीविषयी मी एवढेच म्हणालो, की मजकूर फुकट उपलब्ध असताना जो छापील प्रत घेतो तो कागद, बांधणी आणि रात्री उशाशी ठेवण्याची सोय विकत घेतो, तेव्हा कागदात कंजूषपणा नको.

त्याने मजकुराला श्रेय आणि समान अटीवर वाटप एवढ्या दोनच अटींचा परवाना निवडला, कोडला एमआयटीचा, आणि छपाई स्वखर्चाने. परवा पहिले मुद्रित आले. शीर्षकपानाच्या पाठीशी ती चार ओळींची सनद नीट जुळविली होती. आणि तिच्या खाली, जुळणाऱ्याच्या हाताला पडलेल्या वळणाने, 'सर्व हक्क स्वाधीन' ही ओळही होती. त्याने ती तांबड्या शाईने खोडून मुद्रित परत पाठविले आहे. दुसरे अजून यावयाचे आहे.

— मुद्रितशोधक