रंग बघता, भोवरे बघता. खूर कोण बघणार?

मार्गशीर्षात दत्तजयंती आली की नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून घोडे येतात. तिथल्या गर्दीत घटकाभर नुसतं उभं राहावं आणि गिऱ्हाईक काय बघतं ते बघावं. आधी रंग: नुकरा की कुमैत, अबलख की पंचकल्याणी. मग अंगावरचे भोवरे, देवमण आहे की नाही, कंठी कुठे आहे. मग दात, मग रवाल चाल, मग हलगीवरचा नाच. खाली वाकून चारही पाय उचलून खुराचा तळवा बघणारा माणूस विरळाच. लाखाचा व्यवहार होतो आणि ज्या चार खुरांवर तो लाख उभा असतो त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

दुसऱ्याला कशाला नावं ठेवू? मी स्वतः २०११ साली एका बाजारातून पंचकल्याणी घोडी आणली. अंग आरशासारखं लखलखत होतं. विकणारा म्हणाला, "दूध-तुपावर वाढवलीय, भाऊ." ते ऐकून आम्ही खूश झालो आणि घरी आणल्यावर तेच पुढे चालू ठेवलं. सकाळ-संध्याकाळ तोबरा भरून बाजरी, वर हरभरा, गूळ. वैशाखात लग्नाच्या चार सुपाऱ्या घेतल्या होत्या. पहिली वरात झाली आणि दुसऱ्या दिवशी घोडी जागची हलेना. पुढचे दोन्ही पाय पुढे ताणून, सगळा भार मागच्या पायांवर टाकून उभी. खुराला हात लावला तर तव्यासारखा गरम. गावात एकाने नजर लागली म्हणून सांगितलं, दुसऱ्याने चालवत राहा म्हणून सांगितलं. आम्ही चालवली. ती मोठी चूक झाली.

तालुक्याचे डॉक्टर आले, त्यांनी खुरावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "या कड्या घेताना पाहिल्या नव्हत्या का?" खुरावर आडव्या कड्या होत्या, पुढे जवळजवळ आणि टाचेकडे रुंद होत गेलेल्या. म्हणजे हा आजार तिला आधीही होऊन गेला होता. खुरावर तो लिहून ठेवलेला होता, आम्हीच अडाणी. तीन सुपाऱ्यांचे पैसे परत केले. घोडी वाचली, पण वर्षभर ठाणावर बसून खाल्लं तिने.

डॉक्टर मंडळी या आजाराला लॅमिनायटिस म्हणतात. घोड्याच्या खुरातलं हाड खुराच्या भिंतीला आतून पाकळ्यांसारख्या पापुद्र्यांनी टांगलेलं असतं. घोड्याचं पोट लहान, त्याला दिवसभर थोडं थोडं गवत खायची निसर्गाने सवय लावलेली. त्यात एकदम ढीगभर दाणा गेला की तो नीट न पचता पुढच्या मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, त्याचं विष रक्तात उतरतं आणि ते पापुद्रे सुजून सैल होतात. दाणा पोटात गेला तरी घोडं पेंड खातं ते खुरापाशी, असा हा प्रकार. अशी लक्षणं दिसताच दाणा-गूळ ताबडतोब बंद करावा, घोडा वाळूच्या मऊ थरावर उभा करावा, खुरांना बर्फाचं किंवा थंडगार पाणी द्यावं आणि लगेच डॉक्टरांना बोलवावं. चालवू मात्र नये.

तेव्हा पहिली गोष्ट चंदीची. साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज सहा-सात किलो वाळलेला चारा, तोही तीन-चार वेळा वाटून, हे मुख्य जेवण. दाणा कामापुरता. वरातीला जायचं त्या आठवड्यातलं काम वेगळं, श्रावणात ठाणावर उभं राहायचं ते वेगळं. बारा महिने एकच तोबरा भरणारा माणूस घोड्यावर प्रेम करतो हे खरं, पण ते प्रेम खुराला सोसत नाही.

दुसरी गोष्ट ठाणाची. आगाडी-पिछाडी लावून घोडा बावीस-बावीस तास एका जागी, खाली लीद आणि मूत, वरून पावसाळ्याची काळ्या मातीची रबडी. मारवाड-काठेवाडच्या कोरड्या, कडक जमिनीवर घडलेला घोडा आपण इथे आणतो आणि असा चिखलात उभा करतो. तळव्याच्या मधली ती त्रिकोणी लवचिक गादी असते ना, जुने नालबंद तिला पुतळी म्हणतात, ती कुजते. काळी पडते, बोट लावलं की नाकाला पदर लावावा लागतो असा वास येतो. पाय टेकताना खूर जरासा फाकतो, पुतळी दबते, आणि त्या दाबाने पायातलं रक्त वर परतायला मदत होते. हालचालच नसेल तर खुराला रक्त कुठून मिळणार? मोकळं घोडं चरता चरता दिवसभर पावलं टाकत असतं, हे विसरून चालणार नाही.

माझं म्हणणं साधं आहे. ठाण आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच, मुरमाचं, उताराचं असावं. रोज चारही खूर उचलून बोथट आकड्याने तळवा साफ करावा, पाच मिनिटांचं काम आहे. पुतळी कुजली असेल तर मोरचूद किती आणि कसा लावायचा ते डॉक्टरांना विचारूनच करावं. खुराला जळकं ऑईल फासायची खोड सोडावी. वरून काळा चकचकीत दिसतो, आतला ओलावा आतच राहतो. ग्रीस देशातल्या झेनोफन नावाच्या घोडदळाच्या जाणकाराने सुमारे २३५० वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की पागेबाहेर मुठीत मावतील असे गोल गोटे चार-पाच गाड्या पसरावेत आणि खराऱ्याच्या वेळी घोडा त्यावर उभा करावा, खूर कडक होतात. आपल्या नदी-ओढ्यांना गोट्यांचा तोटा आहे का?

आता नालेबद्दल. झेनोफनच्या काळी ग्रीसमध्ये घोड्यांना खिळ्यांची नाल नव्हती. आपल्याकडे धनगरांचे भीमथडी घोडे बघा. दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन कोकणात उतरायचं, पावसाआधी परत माणदेश-पुरंदरकडे चढायचं, दगडाधोंड्यातून. त्यांच्यात बिननालेची घोडी सर्रास दिसतात. कारण ती चालतात, कोरड्यात राहतात आणि गवत खातात. म्हणून सगळ्यांनी उद्या नाला उपटून टाका असं मी म्हणत नाही. डांबरी रस्त्यावर टांगा ओढणारा, रोज वरातीत नाचणारा घोडा नालेशिवाय लवकर झिजेल. पण शेतावर, बांधावर, कच्च्या वाटेवर फिरणाऱ्या घोड्याला नाल कशासाठी? काढायची तर हंगाम संपल्यावर काढा, खूर गोल घासून घ्या आणि मऊ जमिनीवरून हळूहळू कडक जमिनीवर आणा. आज नाल काढली आणि उद्या खडीवर नेलं तर घोडा लंगडणारच, मग दोष बिननालेला.

नाल मारली तरी ती दर पाच-सहा आठवड्यांनी काढून खूर कापून परत बसवावी लागते. बिननालेचा खूर सहा ते आठ आठवड्यांनी घासावा लागतो. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. पुढच्या टोकाचा खूर वरपासून खालपर्यंत नवा व्हायला ९ ते १२ महिने लागतात. म्हणजे या पावसाळ्यात नासलेला खूर पुढच्या पावसाळ्यापर्यंत बरोबर राहणार. आपण काय करतो? नाल झिजून पडेपर्यंत, तीन-चार महिने बघतच नाही. खुराचं टोक पुढे लांबतं, टाच खाली बसते, सगळा ताण शिरांवर. आणि लंगडल्यावर नालबंद शोधायला निघतो. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच!

नालबंद तरी कुठे राहिलेत? २०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे-तट्टू साधारण ३.४ लाख भरले. २०१२ मध्ये सव्वासहा लाख होते. निम्म्याच्या आसपास जनावर गेलं, तिथे कारागीर कशाला टिकेल? उरलेले बरेचसे बैलांना पत्र्या मारणारे. कारागीर हुशार असतात, पण बैलाची पत्री आणि घोड्याची नाल वेगळी. नाल खुराला बसवायची असते. तयार नाल ठोकून तिच्या मापाने खूर घासला तर घोडा गेलाच. खिळा भिंतीच्या मेलेल्या भागातच गेला पाहिजे, जरा आत गेला की पू होतो. आणि एक गोष्ट कोरून ठेवा: खुरात खिळा, तार, काहीही घुसलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच दिवशी. घोड्याला धनुर्वात फार लवकर धरतो.

इथे गावकारभाऱ्यांशी दोन शब्द. जमिनीचा प्रश्न एकट्या मालकाच्या हातात नसतो. माथेरानला पेव्हर ब्लॉकवरून घोडे घसरतात म्हणून घोडेवाल्यांनी आक्षेप घेतला आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्याकडे सरपंच गल्लीबोळात ब्लॉक बसवतात, पाणवठ्याभोवती सिमेंट ओततात, पण जनावर तिथे कसं पाय टाकेल हे ठरावात कुठे येत नाही. पाणवठ्याभोवती निदान खडबडीत फरशी आणि पाण्याचा निचरा एवढं तरी करा.

आणि जिथे जिथे घोड्यांचा बाजार भरतो तिथल्या यात्रा समित्यांनी तीन गोष्टी कराव्यात. एक जाणता नालबंद बसवावा. पावतीवर रंग-वयाबरोबर खुराची ओळ असावी: कड्या आहेत का, पुतळी कुजलीय का, नाल आहे का. आणि घोडा दुडक्या चालीने पळवून बघायला कडक, सपाट जागा द्यावी. मऊ मातीत लंगड झाकली जाते. कडक जमिनीवर मात्र पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो, ते पोरालाही कळतं. विकणारे कुरकुरतील, कुरकुरू द्या. मैदान सपाट करायला दरवर्षी ट्रॅक्टर लागतोच. त्याच फेरीत पन्नास पावलांची मुरमाची पट्टी दाबून होते.